हवाईच्या राजाला लावलेलं कुंकू

हवाईच्या राजाच्या सहीला मी ओलं कुंकू लावलं. चांगला शुद्धीवर होतो. आंघोळ झाली होती, धुतलेला पायजमा घातला होता, समोर बारा-पंधरा माणसं बसली होती. कुंकू लावून वर अक्षताही टाकल्या.

दसरा होता. म्हणजे पंचांगातला दसरा मधल्या वारी होऊन गेला होता, पण सांता क्लारामध्ये आमचे सगळे सण शनिवारी येतात. देवांनाही इथे राहून राहून वीकएंडची सवय झाली असावी. हॉलमध्ये एक रिकामं खोकं उपडं घालून त्यावर टेबलक्लॉथ टाकला होता. त्यावर मुलीने पाटीवर काढलेली एकाच्या आकड्यांची सरस्वती. शेजारी तिचं अल्जिब्राचं पुस्तक, माझा टाइपरायटर, हिचं शिवणयंत्र, स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि सगळ्यांच्या वर, सर्वांना दिसेल असा, माझा राजा.

राजा म्हणजे एक कागद. शंभरएक वर्षांपूर्वी हवाईच्या राजाने कुणा एकाला आपल्या बेटावरच्या एका भागाचा रस्ते-सुपरवायझर नेमलं, त्याचा हुकूम. वर राज्याचं चिन्ह, खाली कागदातच उठवलेला शिक्का आणि शिक्क्याशेजारी राजाची स्वतःची सही. एरवी मी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो आणि मुलीला त्या कपाटाजवळ शिंकायलासुद्धा बंदी आहे. पण त्या दिवशी मंडळींना अस्सल कागद दिसावा, 'वा, खरा राजा!' असं कुणीतरी म्हणावं, म्हणून पाकिटातून बाहेर काढून मांडला होता.

पूजा करताना हाताला एक लय येते. करंगळीशेजारचं बोट पाण्यात, मग कुंकवात, मग वस्तूवर. सरस्वतीला लावलं. अल्जिब्राला लावलं. टाइपरायटरला, शिवणयंत्राला, स्क्रूड्रायव्हरला लावलं, आणि बोट त्याच लयीत राजावर उतरलं. सही आणि शिक्का यांच्या मधोमध. शंभर वर्षं टिकलेला कागद, त्याने ते ओलं कुंकू तहानलेल्यासारखं पिऊन टाकलं.

मुलगी तेरा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा!"

बायको नैवेद्याचं श्रीखंड घेऊन बाहेर येत होती. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता आरती तरी पूर्ण करा. राजा कुठे पळून जात नाही."

हा राजा माझ्याकडे आला कसा, ते सांगायला हवं. आमच्या घराण्याचा आणि राजेलोकांचा संबंध फार थोडा. पणजोबा एका छोट्या संस्थानात कारकून होते, आणि घरात राजाच्या सहीचा कागद एकदाच आला, तो पणजोबांना कामावरून कमी केल्याचा. तेव्हा ज्याला सही करून माणसं कामावर ठेवावीशी वाटतात अशा राजाबद्दल माझ्या मनात आधीपासून ओढ असणार. ते असो. प्रत्यक्षात घडलं असं, की बायकोने मला सॅन होजेच्या फ्ली मार्केटमध्ये लॅम्पशेड आणायला पाठवलं. तिथे एका म्हाताऱ्याच्या टेबलावर जुन्या कागदांनी भरलेला बुटांचा खोका होता. त्यात एक फाटकं पत्र होतं, हवाईच्या भाषेतलं, पण रोमन लिपीत. मला त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता, पण मी ते मोठ्याने वाचू शकत होतो! त्या भाषेत व्यंजनाला आपला स्वर असतोच, जोडाक्षर नाही, भानगड नाही. इंग्रजी स्पेलिंगांशी इतकी वर्षं झटापट केलेल्या माणसाला हे माहेर मिळाल्यासारखं झालं. खोका उचलून घरी आणला, आणि त्याच्या तळाशी हा राजाचा हुकूम निघाला. लॅम्पशेड राहिली. आमच्या हॉलमधला तो दिवा आजही बोडका आहे.

मग नाद वाढला. इतिहास वाचला. तो राजा मोठा हौशी, गाण्याबजावण्याचा, पत्त्यांचा, समारंभांचा शौकीन. त्याच्यानंतर त्याची बहीण गादीवर आली, ती शेवटची राणी. तिला उसाच्या मळेवाल्यांनी आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी खाली उतरवलं. इथल्या माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना हे समजायला जड जायचं: साखरेपायी सरकार कसं पडेल? महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सह्यांचं शास्त्र असतं. कुठली सही राजाची आणि कुठली त्याच्या चिटणिसाने ठोकलेली, पेन कुठे टेकलं, कुठे उचललं, शेपूट किती लांब. मी भिंग घेऊन तासन् तास बसायचो. घरातल्या कुणाचीही सही मला मग नुसती दिसेना, तपासावीशी वाटे. मुलीच्या रिपोर्ट कार्डवर एकदा माझी सही मला संशयास्पद वाटली. शेपूट आखूड होतं. चौकशीअंती ती चिटणिसाचीच निघाली. एका एप्रिलमध्ये टॅक्सचा फॉर्म बायकोसमोर ठेवला, तेव्हा पेन हातात धरून ती म्हणाली, "ही पण बघणार का भिंगातून?" मी घड्याळाकडे बघत बोटाने जागा दाखवली आणि म्हटलं, "इथे. लवकर. पोस्ट बंद होईल."

तर कुंकू लागलं त्या शनिवारी माझा जीव कशात अडकला होता, तेही सांगतो. राणीत.

आमच्या गावच्या लायब्ररीत जुने कागद जमवणाऱ्यांची एक बैठक भरायची. तिथे एक हवाईच्या बाई येत. शाळेतल्या शिक्षिका, आता निवृत्त. त्यांना सगळेजण आंटी म्हणत. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, नात्याची असो नसो, आंटीच म्हणतात. आपल्याकडे काकू म्हणतात तसंच, त्यामुळे मला जिभेला वळण लावावं लागलं नाही. आंटींकडे शेवटच्या राणीचं एक पत्र होतं. छोटंसं, कुणीतरी पाठवलेल्या रोपांबद्दल आभार मानणारं. पण अक्षर! आणि खाली सही! मी ते एकदाच हातात घेतलं होतं आणि त्या रात्री जेवणात मीठ नाही हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

आंटी ते विकणार नव्हत्या. पण माझ्याकडे रस्ते-सुपरवायझरचा हुकूम आहे आणि तो कुठल्या भागाचा आहे हे कळल्यावर त्यांनी ते नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या रस्त्याने मी शाळेत जात होते. अनवाणी." बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. राजा द्या, राणी घ्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्या घरी या.

मी इतका हरखलो होतो, की हॉलमधल्या भिंतीवर राणीसाठी जागाही करून ठेवली होती. तिथे आमच्या लग्नाचा फोटो होता. तो मी बेडरूममध्ये हलवला. बायकोने विचारलं तेव्हा म्हटलं, "तिथे ऊन येतं, फोटो खराब होईल." ती म्हणाली, "आणि राणीला ऊन चालतं?"

अशी सगळी तयारी, आणि आदल्या दिवशी राजाच्या कपाळी कुंकू.

पाहुण्यांमध्ये नागपूरचा एक मित्र होता, चिप बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट. श्रीखंडाची वाटी हातात घेऊनच तो राजाजवळ आला.

"टेन्शन नको घेऊ बे," तो म्हणाला. "कुंकू म्हणजे काय? हळद अधिक चुना. चुन्याने लाल होते. अॅसिड लाव, लाल जाते. सिंपल."

"कसलं अॅसिड?"

"अबे, लिंबू आहे का घरात?"

परसात लिंबाचं झाड होतं. कॅलिफोर्नियात माणसाकडे दुसरं काही नसलं तरी लिंबाचं झाड असतं. टूथपिकला कापूस गुंडाळला, लिंबात बुडवून अगदी निथळून घेतला आणि मी श्वास रोखून डागाच्या कडेला टेकवला. सगळी मंडळी वाकून बघत होती. एक काका तर चष्मा पुसून पुढे आले.

लाल रंग खरोखर गेला. आणि त्या जागी लख्ख पिवळा आला.

"बघ," नागपूरकर म्हणाला. "गेला की नाही लाल?"

"अरे पण पिवळा झाला!"

"मग हळदच उरणार ना यार. मी लाल जाईल म्हटलं होतं. डाग जाईल असं कुठं म्हटलं?"

बायको मागून म्हणाली, "थांबा आता तरी. नुसतं कुंकू होतं, तुम्ही हळदही लावलीत. आता ओटी भरायची तेवढी राहिली."

मी थांबलो. डागाची अवस्था अशी, की मधे लाल ठिपका आणि भोवती पिवळी कड. सही वाचली होती, शिक्का वाचला होता. राजा मात्र नुकताच चैत्रगौरीचं हळदीकुंकू करून आल्यासारखा दिसत होता.

रविवारी सकाळी मी आरशासमोर वाक्यं म्हणून बघितली. 'कागदाच्या वयोमानानुसार आलेला डाग.' 'त्या काळच्या लाखेचा अंश असावा.' लाखेचं मला बरं वाटलं. त्यात विद्वत्ता होती. बायको म्हणाली, "मीही येते. बाई एकट्या असतात. थोडं श्रीखंड नेऊ." मला हे जरा धोक्याचं वाटलं, कारण हिला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण माझ्यासाठी बोलायचा तिला कंटाळा येतो.

आंटींचं घर लहान, स्वच्छ. दारात चपला काढून ठेवायच्या, हे बघून बायको निम्मी तिथेच त्यांची झाली. आत गेल्यावर त्यांनी नारळाच्या दुधाच्या पांढऱ्याशुभ्र वड्या पुढे केल्या. मग दोघी खोबऱ्यावर सुरू झाल्या. नारळ खवायचा कसा, दूध काढायचं कसं, इथल्या डब्यातल्या दुधाला चव का नाही. मी मांडीवर फोल्डर घेऊन बसलो होतो. टेबलावर राणीचं पत्र ठेवलेलं होतं. मला तेवढंच दिसत होतं.

शेवटी आंटी हात धुऊन, पुसून आल्या. मी राजा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी त्या रस्त्याचं नाव वाचलं, हळू, तोंडातल्या तोंडात. मग मोठ्याने. मग बोट कागदाच्या थोडं वर धरून खाली सहीपर्यंत आल्या, आणि बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"ते," मी घसा साफ केला, "त्या काळची लाख—"

"पूजा केली त्यांनी," बायको म्हणाली. तिच्या सरळसोट इंग्रजीत, वडी खाता खाता. "काल. राजाची. आमचा सण होता."

आंटींनी चष्मा वर केला. "तुम्ही ह्याची प्रार्थना केलीत?"

"प्रार्थना असं नाही," मी म्हटलं. माझं इंग्रजी अशा वेळी मुलाखतीला आल्यासारखं होतं. "वर्षातून एकदा आम्ही पुस्तकांना, अवजारांना, ज्याच्यावर आपलं चालतं अशा वस्तूंना हळदीकुंकू लावतो. मान देतो."

"कशाकशाला?"

"टाइपरायटरला. शिवणयंत्राला," बायको मोजू लागली. "गाडीला. गॅरेजमधल्या गवत कापायच्या मशीनला."

"माझा राजा," आंटी म्हणाल्या, "गवत कापायच्या मशीनबरोबर?"

"नाही नाही, तो सगळ्यांच्या वर होता," मी घाईघाईने म्हटलं. "मशीन गॅरेजमध्येच होतं."

आंटी हसायला लागल्या. त्या चांगल्या भारदस्त होत्या, खुर्चीही हसायला लागली. डोळे पुसून त्या आत गेल्या आणि एक पिसांची माळ घेऊन आल्या. लाल आणि पिवळी पिसं, घट्ट गुंफलेली. त्यांनी ती कागदाशेजारी ठेवली, डागाजवळ. आमच्याकडे हे दोन रंग मोठ्या मानाचे, त्या म्हणाल्या. आमच्या राजांचे, सरदारांचे अंगरखे ह्याच पिसांचे असायचे. लाल आणि पिवळा.

झालं! माझ्यातला सौदागर लगेच उभा राहिला. "काय योगायोग बघा," मी म्हटलं. "म्हणजे आम्ही नकळत अगदी योग्य—"

"पिवळं लिंबाने झालंय," बायको म्हणाली. "पुसायला गेले होते."

मी तिच्याकडे बघितलं. ती दुसरी वडी घेत होती.

आंटींनी कागद दोन्ही हातांनी उचलला, रस्त्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि तो माझ्यासमोर ठेवला. राणीचं पत्र त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं.

"मी हा घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

"डागामुळे? मी दुसरं काही वर देतो. माझ्याकडे आणखी एक—"

"डाग नाही तो. एवढी वर्षं मी बघते आहे, लोक ह्याला चिमट्याने उचलतात, प्लॅस्टिकमध्ये घालतात, किंमत विचारतात. तुम्ही त्याला देवाजवळ बसवलंत. ज्याला कुणी आपल्या देवाजवळ बसवलंय ते उचलून आणायचं नसतं. माझ्या आजीने मला कानफटात मारली असती."

"पण आंटी, तो देव्हारा नव्हता!" मी कळवळून म्हणालो. "ते टेलिव्हिजनचं रिकामं खोकं होतं!"

त्याचा उपयोग झाला नाही. आयुष्यात एकदाच माझ्या भक्तीवर कुणाचा एवढा विश्वास बसला, आणि त्यात माझी राणी गेली.

बोलता बोलता बायकोने विचारलं, "पण ही राणी ह्या राजाची कोण? बायको?"

"बहीण. धाकटी."

"भाऊ-बहीण!" बायको सावरून बसली. "मग अदलाबदल कसली करताय तुम्ही दोघं? आणखी तीन आठवड्यांनी आमची भाऊबीज आहे. त्या दिवशी भावाने बहिणीच्या घरी जायचं असतं. तिच्याकडे जेवायचं, तिने त्याला ओवाळायचं. आम्ही राजाला घेऊन येऊ. दर वर्षी. तुम्ही त्या दिवशी रस्ता वाचा हवा तितका."

आंटी पिसांच्या माळेवरून हात फिरवत राहिल्या. त्या सकाळभरात पहिल्यांदा मला कळलं, की मी राणीच्या सहीपायी झुरत होतो आणि त्या एका रस्त्यापायी. त्यांनी बायकोला विचारलं, "ओवाळायचं म्हणजे दिवा?"

"दिवा."

"पेटलेला?"

"लांबून," बायको म्हणाली. "आणि ह्यांना हात लावू द्यायचा नाही."

"आणि लिंबू नको," आंटी म्हणाल्या.

भाऊबिजेला बहिणीला ओवाळणी घालावी लागते, ती राजाच्या वतीने कोण घालणार, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण माझं मत कुणी विचारलं नाही. निघताना आंटींनी उरलेल्या वड्यांचा डबा बायकोच्या हातात दिला, आणि तिने श्रीखंडाचा डबा रिकामा करून न घेता तिथेच ठेवला. मला कुणी काही दिलं नाही. मी राजाला घेऊन गाडीत बसलो.

फ्रीवेला लागलो. माझ्या डोळ्यांसमोर हॉलमधला तो रिकामा खिळा होता. इतकी वर्षं वाट बघितली, हातातोंडाशी आली, ती त्या मोकळ्या भिंतीवर कधीच येणार नाही. वर्षातून एकदा दुसऱ्याच्या घरी, दिव्याच्या अंतरावरून बघायची. मी मोठा उसासा टाकला. बायकोला ऐकू जाईल एवढा. मग दुसरा टाकला.

"झालं का?" ती म्हणाली.

"तुला काय कळणार," मी म्हटलं. "काय सही होती ती!"

ती वड्यांचा डबा मांडीवर नीट ठेवून म्हणाली, "त्या खिळ्यावर टॅक्सचा फॉर्म लावा. बारा वर्षं तुमच्या सहीखाली माझी सही आहे. दर वेळी बोट ठेवून सांगता, 'इथे, लवकर.' घरी गेल्यावर एकदा भिंग घेऊन बसा, आणि सांगा मला, माझी आहे की चिटणिसाची."